केप कॉडच्या खाड्यांमधला नायट्रोजन: मलवाहिनी कुठे हवी आणि घरोघरची सुधारित यंत्रणा कुठे पुरते?

दक्षिणकिनारा

नमस्कार. मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावाच्या सांडपाणी समितीसाठी टिपण तयार करायचे आहे. इथे पर्यावरण अभियांत्रिकीतली मंडळी आहेत म्हणून विचारतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. केपवर बहुतेक घरांना मलवाहिनी नाही. सेप्टिक टँक आणि वाळूतले शोषक्षेत्र. तिथून नायट्रेट भूजलात, भूजलातून खाडीत, खाडीत शेवाळ, आणि ईलग्रास हे पाण्याखालचे समुद्री गवत संपते. टायटल ५ या राज्याच्या सेप्टिक नियमावलीत जुलै २०२३ पासून बदल लागू झाले. नायट्रोजन-संवेदनशील ठरलेल्या पाणलोटांत आता दोन वाटा आहेत. एक, गावाने २० वर्षांचा पाणलोट परवाना घेऊन त्या मुदतीत आवश्यक घटीच्या किमान ७५ टक्के घट साधायची. दोन, परवाना नसेल तर घरमालकांनी ठरलेल्या मुदतीत नायट्रोजन कमी करणारी सर्वोत्तम उपलब्ध यंत्रणा स्वखर्चाने बसवायची.

समितीत समजावून सांगायला एक नमुना पाणलोट घेतला आहे. आकडे मुद्दाम गोळाबेरीज आहेत: १,००० घरे, दर घरी रोजचा पाणीवापर सरासरी १६० गॅलन. त्यांतली २०० घरे एका गोड्या तळ्याच्या वरच्या अंगाला. खत टाकलेली ५०० हिरवळी, २० हेक्टर रस्ते, दर घराचे छप्पर सरासरी १५० चौ. मी. खाडीला सोसेल असा, आपल्या हातातल्या स्रोतांचा भार वर्षाला ३,००० किलो धरला आहे.

प्रश्न असे: भार मोजायचा कसा? गावाच्या हद्दीने न मोजता पाणलोटाने का? आणि मलवाहिनी की घरोघरी सुधारित यंत्रणा, हे कोणत्या हिशेबाने ठरवायचे? "सगळ्यांनी चांगला सेप्टिक बसवला की झाले" असे म्हणणारे सभेत बरेच असतात.

पाणलोटकर

नमुना चांगला घेतला आहे, त्यावरच हिशेब करू.

केपवर प्रचलित गुणांक मॅसॅच्युसेट्स एस्चुअरीज प्रोजेक्टचे आहेत. राज्याचे पर्यावरण खाते आणि यूमास डार्टमथ यांचा हा प्रकल्प. त्यात शोषक्षेत्राखाली भूजलात पोचणाऱ्या पाण्यातला नायट्रोजन २६.२५ मिग्रॅ प्रति लिटर धरतात, आणि नळातून घरात आलेल्या पाण्यापैकी ९० टक्के सेप्टिकमध्ये जाते असे मानतात. म्हणून पाणीवापराला थेट २३.६३ ने गुणायचे. १६० गॅलन म्हणजे ६०६ लिटर. वर्षभराचे सुमारे २,२१,००० लिटर. त्यावरून दर घरी ५.२ किलो नायट्रोजन. हा आकडा समितीतल्या प्रत्येकाच्या तोंडी बसला पाहिजे. पुढची सगळी तुलना त्यावर उभी राहते.

१,००० घरे: ५,२३० किलो. खत टाकलेल्या हिरवळीतून दर वर्षी १.०८ पौंड, म्हणजे अर्धा किलो झिरपतो: ५०० हिरवळींचे २४५. कठीण पृष्ठभागावरून वर्षाला ४० इंच पाणी मुरते असे धरतात. रस्त्यांच्या पाण्यात १.५ मिग्रॅ आणि छपरांच्या पाण्यात ०.७५ मिग्रॅ. रस्त्यांचे ३०५ किलो, छपरांचे ११५. एकूण ५,८९० च्या आसपास. सेप्टिकचा वाटा ८९ टक्के. खतबंदी आणि पावसाळी पाण्याची चर्चा सभेत कितीही रंगली, तरी हे तिन्ही स्रोत शून्यावर आणूनही ६६५ किलोच हाती लागतात. ते करू नये असे नाही, पण त्याने प्रश्न सुटेल अशी आशा लोकांना दाखवू नये.

आता तळे. गोड्या तळ्यातून जाताना नायट्रोजनचा बराच भाग तिथल्या गाळात वायुरूप होऊन निघून जातो. मोजमाप नसेल तर प्रकल्पाने ५० टक्के घट धरली आहे. वरच्या २०० घरांचे १,०४५ किलो खाडीशी येताना ५२० उरतात. (हिरवळी-रस्त्यांची तळ्यातली घट सोपेपणासाठी सोडली.) म्हणजे खाडीत पोचतात ५,३७० किलो, सोसतात ३,०००. काढायचे २,३७०.

हे २,३७० कसे काढायचे ते पाहा. सगळी घरे तळ्याच्या खालची धरून:

मलवाहिनी टाकली आणि प्रक्रिया केलेले पाणी पाणलोटाबाहेर सोडले, तर घरटी ५.२ किलो सुटतात. ४५४ घरे जोडावी लागतील.

मलवाहिनी टाकली पण पाणी याच पाणलोटात, ३ मिग्रॅपर्यंत शुद्ध करून मुरवले, तर घरटी ०.६ किलो परत येतात. ५१२ घरे.

घरोघरी १० मिग्रॅ देणारी यंत्रणा: घरटी सुमारे २ किलो उरतात, ३.२४ सुटतात. ७३२ घरे. खालच्या भागात घरे आहेतच ८००, तेव्हा जवळजवळ प्रत्येक घराची यंत्रणा वर्षभर नीट चालली पाहिजे.

घरोघरी १९ मिग्रॅ देणारी यंत्रणा: घरटी जेमतेम १.४५ किलो सुटतात. १,६४० घरे लागतील. तेवढी घरे पाणलोटात नाहीतच.

"सगळ्यांनी चांगला सेप्टिक" म्हणणाऱ्यांना ही शेवटची ओळ दाखवा. १९ मिग्रॅची मर्यादा अनेक वर्षे घरगुती नायट्रोजन-घट यंत्रणांच्या मंजुरीत होती, त्यामुळे गावात आधीच बसलेल्या पुष्कळ यंत्रणा त्या वर्गातल्या असतात. त्या निकामी नाहीत, पण त्यांच्या भरवशावर खाडीची योजना बसत नाही.

तळ्याच्या वरची २०० घरे मलवाहिनीला जोडलीत तर पाइपाचा खर्च तोच, पण खाडीला फायदा निम्माच. वस्ती दाट आहे एवढ्यावर पहिला टप्पा तिथे नेऊ नका. पहिला टप्पा खाडीच्या सर्वांत आतल्या, भरतीने कमी धुतल्या जाणाऱ्या फाट्याच्या पाणलोटात हवा. तोंडाशी काढलेला किलो आणि आतल्या फाट्यात काढलेला किलो यांचा ईलग्रासवरचा परिणाम सारखा नसतो. प्रत्येक खाडीत एक ठरलेले निरीक्षण ठिकाण असते आणि तिथल्या पाण्यातला एकूण नायट्रोजन उंबरठ्याखाली आला की बाकीची खाडीही सावरते, असे प्रारूप बांधलेले असते. तुमचे ३,००० किलो त्या उंबरठ्यावरून मागे मोजत आलेले असतात.

गावाच्या हद्दीचे म्हणाल तर भूजलाला ती ठाऊक नाही. प्लेझंट बेच्या पाणलोटात ऑर्लिन्स, चॅटम, हार्विच आणि ब्रूस्टर अशी चार गावे येतात. चौघांनी मिळून २०१८ मध्ये राज्यातला पहिला पाणलोट परवाना घेतला. हार्विचच्या एका भागाचे सांडपाणी चॅटमच्या प्रकल्पात नेण्याचा करारही त्याच विचारातला. तुमच्या पाणलोटात शेजारच्या गावाची घरे असतील तर त्यांचा वाटा किलोत लिहून घ्या आणि मगच आराखडा काढा.

शोषक्षेत्र

हिशेब वर आला आहे, मी सुधारित यंत्रणा बिघडतात कुठे तेवढे सांगतो. समितीला १० मिग्रॅ हा आकडा कागदावर सोपा वाटतो.

घरातून येणारा नायट्रोजन मुख्यतः अमोनियम आणि सेंद्रिय रूपात असतो. काम दोन पायऱ्यांत होते: आधी हवेच्या कक्षात अमोनियमचे नायट्रेट, मग हवा नसलेल्या कक्षात कार्बनच्या मदतीने नायट्रेटचा नायट्रोजन वायू. पहिली पायरी अडली की दुसरीला काही मिळत नाही. आणि केपवर पहिली पायरी अडते ती बहुधा क्षारता, म्हणजे आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता, कमी पडल्यामुळे. एक मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजन बदलताना ७.१४ मिग्रॅ क्षारता खर्च होते, दुसऱ्या पायरीत त्यातली निम्मी परत मिळते. इथले भूजल मऊ आणि थोडे आम्लधर्मी. पाणी वाचवणारे नळ-फ्लश बसवलेल्या घरात सांडपाणी कमी पण घट्ट, एकूण नायट्रोजन ५० च्या वर सहज. तिथे क्षारता मध्येच संपते, सामू साडेसहाच्या खाली जातो आणि जिवाणू थांबतात. ब्लोअर गुरगुरत असतो, घरमालकाला सगळे ठीक वाटते, आणि बाहेर अमोनियम जात असतो. तपासणीत नुसता एकूण नायट्रोजन बघू नका. अमोनियम, नायट्रेट, क्षारता आणि सामू वेगवेगळे मागा. अमोनियम जास्त असेल तर दोष हवेत, थंडीत किंवा क्षारतेत. नायट्रेट जास्त असेल तर कार्बन कमी पडतो आहे, किंवा परतीच्या प्रवाहाबरोबर प्राणवायू आत येतो आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. पहिल्यात खाण्याचा सोडा किंवा चुनखडीची भर. दुसऱ्यात परतीच्या पंपाचा वेळ कमी करणे किंवा लाकडाच्या चिपांचा कक्ष जोडणे.

दुसरी अडचण हंगामी घरांची, आणि केपवर ती टाळता येत नाही. घर ऑक्टोबरला बंद, जूनला पाहुणे. नायट्रीकरण करणारे जिवाणू सावकाश वाढतात. आठ महिने उपाशी राहिलेली वसाहत पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात आणि तोवर उन्हाळ्याचा बराच भार निघून गेलेला असतो. म्हणून योजनेत हंगामी घरासाठी वर्षभराच्या घराइतकी कार्यक्षमता धरू नका.

थरांचे वाळू-भुसा शोषक्षेत्र या बाबतीत बरे निघाले आहे. जॉइंट बेस केप कॉड या लष्करी तळावरच्या, बार्नस्टेबल काउंटीच्या पर्यायी सेप्टिक चाचणी केंद्रात ते बरीच वर्षे तपासले जात आहे. वर १८ इंच वाळू, खाली १८ इंच वाळू आणि लाकडाचा भुसा समप्रमाणात. वरच्या थरात नायट्रेट बनते, खालच्यात ते वायू होऊन निघून जाते. हवेचा पंप नाही. पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पाणी दाबाने, दिवसभरात थोडे थोडे आणि सगळीकडे सारखे सोडले पाहिजे. एका कोपऱ्यात ओतले तर वाळू तिथेच चोंदते. आणि भुशाचा थर ओला राहिला पाहिजे. तो कोरडा पडला की त्यात हवा शिरते, मग नायट्रेटही जात नाही आणि भुसाही कुजून लवकर संपतो. नव्या क्षेत्रातून सुरुवातीचे काही आठवडे तपकिरी रंगाचे, सेंद्रिय भार असलेले पाणी येते, ते अपेक्षितच आहे.

जागेचे गणितही आधी करा. टायटल ५ मध्ये शोषक्षेत्राच्या तळापासून उंचात उंच भूजलापर्यंत ४ फूट अंतर लागते. इंचाला २ मिनिटांत किंवा त्याहून लवकर पाणी मुरणाऱ्या वाळूत ५ फूट. केपची वाळू बहुतेक ठिकाणी याच दुसऱ्या वर्गात बसते. त्यात तीन फुटांचे थर आले की किनाऱ्याजवळच्या सखल प्लॉटवर उंच भराव, संरक्षक भिंत आणि पंप येतो. ज्या घरांची सुधारणा खाडीला सगळ्यात लवकर दिसेल, तीच घरे यात अडकतात. त्यांना मलवाहिनी द्यावी, असे माझे मत.

आणि देखभाल. ७३२ घरांच्या ७३२ मालकांनी आपापला ठेकेदार बघायचा असेल तर दहा वर्षांनी किती ब्लोअर चालू असतील? परवान्यात सुधारित यंत्रणा धरायच्या तर एकच जबाबदार व्यवस्थापन संस्था हवी: नोंदवही, ठरलेल्या तपासण्या, दूरवरून कळणारा पंप-ब्लोअरचा इशारा, आणि न चालणारी यंत्रणा दुरुस्त करून घेण्याचा अधिकार.

उतारनळ

मलवाहिनीच्या बाजूने तीन गोष्टी. तिन्ही आराखड्यात मागाहून सुचतात आणि महागात पडतात.

पहिली, पाणी सोडायचे कुठे. प्रकल्पाच्या जागेआधी पाणी मुरवण्याची जागा शोधा. समुद्रात नवा निकास काढणे राज्याच्या ओशन सँक्चुअरीज कायद्यामुळे फार अवघड, म्हणून जवळजवळ सगळे शुद्ध पाणी वाळूतच मुरवावे लागते. ते मुरवले की खालची भूजलपातळी फुगते आणि दोन पाणलोटांमधली रेषा सरकू शकते. आज शेजारच्या पाणलोटात वाटणारी जागा पूर्ण प्रवाहाने तुमच्याच खाडीकडे वाहू लागेल. भूजल प्रारूप पूर्ण क्षमतेच्या प्रवाहावर चालवून घ्या. पिण्याच्या विहिरींचे क्षेत्रही त्याच नकाशावर ठेवा. नायट्रेटची पिण्याची मर्यादा १० मिग्रॅ असली तरी केपवर नियोजनाला ५ धरतात.

वेस्ट फाल्मथ हार्बरचे उदाहरण समितीला जरूर द्या. फाल्मथचा प्रकल्प १९८० च्या दशकात सुरू झाला, त्याचे पाणी वाळूच्या खाचरांत मुरवले जाई, आणि तो नायट्रेट भूजलातून त्याच बंदरात उतरला. सेप्टिकचा नायट्रोजन गोळा करून एका जागी सोडल्यासारखे झाले. २००५ मध्ये प्रकल्प सुधारून ३ मिग्रॅच्या लक्ष्यावर आणला, तरी आधी जमिनीत गेलेले पाणी पुढे अनेक वर्षे बंदरात येतच राहिले.

दुसरी, वाहिनीचा प्रकार. ८ इंची उताराच्या वाहिनीला १०० फुटांना किमान ०.४ फूट उतार लागतो. सपाट किनारी रस्त्यावर खोदाई लवकरच भूजलाखाली जाते, पाणी उपसत काम करावे लागते, आणि पुढे सांध्यांतून भूजल आत गळते. खारे पाणी गळले तर प्रक्रियेलाही त्रास. अशा गल्ल्यांत घरटी दळणारा पंप आणि कमी दाबाची बारीक वाहिनी स्वस्त पडते. पण वादळात वीज गेली की पंप बंद. टाकीत किती तासांचे पाणी मावेल आणि जनित्र कोण आणणार, हे नियमात लिहा. पंप घराच्या मालकीचा की गावाच्या, हेही आधी ठरवा. त्यावरून पुढे फार भांडणे होतात.

तिसरी, वाढ. टायटल ५ मध्ये नायट्रोजन-संवेदनशील क्षेत्रात एकराला रोज ४४० गॅलनची मर्यादा आहे, म्हणजे शयनगृहाला ११० गॅलनच्या हिशेबाने एकरी चार शयनगृहे. मलवाहिनी आली की हा बांध जातो. जोडलेली घरे वाढली, खोल्या वाढल्या, तर वाचवलेल्या किलोंचा काही भाग प्रकल्पाच्या पाण्यातून परत येतो. राज्याच्या फिरत्या निधीतून बिनव्याजी कर्ज हवे असेल तर प्रवाह न वाढण्याची भूवापर तरतूद असावीच लागते. ती सुरुवातीलाच करा.

पैशाबाबत इतकेच: २०१८ च्या कायद्याने केप आणि बेटांसाठी जलसंरक्षण निधी झाला, त्यात निवासभाड्यावरचा २.७५ टक्के अधिभार जातो. उन्हाळी पाहुणे भार वाढवतात आणि निधीलाही हातभार लावतात, ही मला न्याय्य सोय वाटते.

दक्षिणकिनारा

तिघांचेही मनापासून आभार. आणखी एक. सभेत दोन प्रस्ताव नेहमी येतात: किनाऱ्यालगत भूजल अडवून नायट्रेट काढणारा पाझर-अडसर, आणि खाडीत कालवे (ऑयस्टर) वाढवणे. दोन्ही मलवाहिनीपेक्षा स्वस्त म्हणून सांगतात. नमुना पाणलोटात यांना किती किलो द्यायचे?

पाणलोटकर

अडसर म्हणजे भूजलाच्या वाटेत आडवा कार्बनचा पट्टा: भुशाने भरलेला चर, किंवा विहिरींतून आत सोडलेले वनस्पती तेलाचे पायस (इमल्शन). फाल्मथमध्ये वॉक्वॉइट बेच्या काठी २००५ मध्ये भुशाचा चर केला; ऑर्लिन्सने पुढे पायसाचा प्रयोग केला. रसायन खात्रीचे आहे. प्रश्न किती पाणी त्यातून जाते याचा.

केपच्या वाळूत भूजल दिवसाला साधारण १ फूट सरकते. सच्छिद्रता ०.३५ धरली तर दर चौरस मीटर काटछेदातून रोज ०.१ घनमीटर पाणी. १०० मीटर लांब, ५ मीटर खोल अडसर: रोज ५२ घनमीटर. नायट्रेट-नायट्रोजन ६ मिग्रॅ असेल तर वर्षाला ११५ किलो येतात, ८० टक्के काढले तर ९२. म्हणजे १०० मीटरचा अडसर मलवाहिनीला जोडलेल्या १७-१८ घरांच्या बरोबरीचा. दाट वस्तीखालून, १० मिग्रॅच्या वर नायट्रेट वाहत असेल अशा ठिकाणी तो खरोखर फायद्याचा. विरळ वस्तीत नाही.

आधी निदान वर्षभर निरीक्षण विहिरी, वेगवेगळ्या खोलीच्या. सांडपाण्याचा झोत पावसाच्या मुरणाऱ्या पाण्याखाली दबत खोल जातो आणि किनाऱ्याशी वर येतो. चर उथळ पडला तर झोत खालून निघून जातो. पायस जास्त झाले तर वाळूची छिद्रे भरतात आणि पाणी बाजूने वळसा घालते. अडसराखालच्या पाण्यात विरघळलेले लोह, मँगनीज, कधी आर्सेनिक वाढते, तेही मोजा. भरती जिथवर आत शिरते तिथे करू नका: खाऱ्या पाण्यातले सल्फेट कार्बन खाते आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. पायस काही वर्षांनी पुन्हा भरावे लागते, तो खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

अडसराची जमेची बाजू वेळेची. किनाऱ्यापासून १,००० फुटांवरच्या घराचा आजचा नायट्रेट खाडीत यायला सुमारे ३ वर्षे. १०,००० फुटांवरच्या घराचा २७. मलवाहिनी आज पूर्ण केली तरी वाटेतला साठा येतच राहणार. हे लोकांना आधी सांगितले नाही तर पाचव्या वर्षी "एवढा कर भरून खाडी तशीच" असे ऐकावे लागते आणि पुढचा टप्पा मतदानात पडतो. अडसर त्या मधल्या वर्षांसाठी उपयोगी.

कालवांचे गणित सोपे आहे. बाजारात जाण्याजोग्या कालवात शिंपल्यासकट पाव ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन. १०० किलोसाठी दर वर्षी ४,००,००० कालवे पाण्याबाहेर काढली पाहिजेत. वाढवून खाडीतच ठेवली तर धरता येत नाहीत. एखाद्या रोगाने किंवा विक्रीबंदीने एक हंगाम गेला की ते किलो गेले, म्हणून त्यांच्यासाठी पर्यायी तरतूद परवान्यात दाखवावी लागते. कालवांखालच्या गाळातली घट मोजल्याशिवाय जमा धरू नका.

तुमच्या नमुन्यात मी २,३७० पैकी २,००० मलवाहिनीला देईन, बाकी ३७० अडसर, कालवे आणि खत नियंत्रणात वाटीन. आणि खाडीचे तोंड रस्त्याच्या अरुंद नळांनी दाबलेले आहे का, ते सर्वांत आधी तपासा. हार्विच-चॅटमच्या सीमेवर मडी क्रीकचे अपुरे नळ काढून २०१६ मध्ये पूल झाला आणि भरती मोकळी आत जाऊ लागली. असे एक काम निघाले तर सोसणारा भारच वाढतो आणि शेकडो घरांची खोदाई वाचू शकते.

जांभाकातळ

रत्नागिरी भागातल्या खाडीकाठच्या एका नगरासाठी असाच भार-हिशेब करायला घेतला आहे. ५.२ किलो दर घर आणि अडसर वगैरे इथे लावता येईल का?

शोषक्षेत्र

पाणलोटाने मोजण्याची रीत घ्या, गुणांक घेऊ नका. केपच्या हिशेबात सगळे सांडपाणी जाड वाळूतून खाली जाते आणि नायट्रेट होऊनच भूजलात मिळते, हे गृहीत आहे. कोकणात ते दोन्हीकडून चुकते. जांभ्याच्या भेगांतून आणि पोकळ्यांतून पाणी झपाट्याने निघून जाते. आणि पुष्कळ ठिकाणी सेप्टिक टँकला शोषखड्डाच नसतो, निचरा थेट गटारात आणि गटार पऱ्ह्यात, म्हणजे छोट्या ओढ्यात. तिथे खाडीला मिळतो तो पृष्ठभागावरून आलेला अमोनियम. त्याला भुशाचा अडसर काही करू शकत नाही, कारण काढायला नायट्रेटच नाही.

सुरुवात माणशी भारापासून करा. सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संघटनेच्या २०१३ च्या पुस्तिकेत दरडोई रोज ५.४ ग्रॅम एकूण नायट्रोजन आहे. १३५ लिटर पुरवठा आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी धरले की ५० मिग्रॅ प्रति लिटर. माणशी वर्षाला जवळजवळ २ किलो. मग घरांचे तीन गट पाडा: टँक आणि चालू शोषखड्डा, टँक पण निचरा गटारात, आणि टँकच नाही. हे कागदावरून कळत नाही, झाकण उघडून पाहावे लागते. टँकने नायट्रोजन फारसा कमी होत नाही, गाळाबरोबर थोडा अडतो. आणि तो गाळ वेळेवर उपसून कुठे टाकला जातो याची नोंद नसेल तर तोही खाडीत धरा.

मोजणी दोनदा करा. मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा गटारात सांडपाण्याशिवाय काही नसते: प्रत्येक पऱ्ह्याच्या तोंडाशी प्रवाह आणि अमोनियम, नायट्रेट, एकूण नायट्रोजन; ओहोटीच्या वेळी, म्हणजे खारे पाणी मिसळणार नाही. दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये. तीन मीटरहून जास्त पाऊस चार महिन्यांत पडतो, त्यामुळे तीव्रता कमी दिसेल, पण प्रवाहाने गुणल्यावर भार जास्त निघू शकतो. नुसत्या मिग्रॅवरून निष्कर्ष काढू नका.

बहुतेक वेळा पहिला उपाय पऱ्ह्यांच्या तोंडाशी कोरड्या मोसमातला प्रवाह अडवून प्रक्रियेला वळवणे हाच निघतो, घरोघरी वाहिनी नंतर. प्रकल्पाच्या निविदेत मात्र एकूण नायट्रोजन १० मिग्रॅची अट स्वतंत्रपणे लिहा. केंद्राच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत सांडपाणी प्रकल्पांसाठी बीओडी (जैविक प्राणवायू मागणी), निलंबित घन, सामू आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म एवढ्याच मर्यादा आहेत. नायट्रोजनची अट लिहिली नाही तर हवा नसलेला कक्ष आणि आतला परतीचा पंप आराखड्यातून पहिल्यांदा गळतो, आणि स्वच्छ दिसणारे, नायट्रेटने भरलेले पाणी खाडीत जात राहते.